रहिवाशांमधील परस्पर दुर्वर्तन (स्मृतिभ्रंश निवास)

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या 'असिस्टेड लिव्हिंग' निवासात, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशा राहण्याच्या ठिकाणी, एका रहिवाशाने दुसऱ्याला ढकलणे, मारणे, शिवीगाळ करणे, त्याच्या खोलीत शिरून वस्तू उचलणे किंवा नकोशी लगट करणे. कर्मचाऱ्यांकडून होणारा छळ या संज्ञेत येत नाही. या विषयाचा बराचसा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील १४ असिस्टेड लिव्हिंग निवासांतल्या ९३० रहिवाशांची पाहणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार एका महिन्यात १५.२ टक्के रहिवासी अशा प्रसंगांत गुंतले होते. त्यांत शाब्दिक प्रसंग सर्वाधिक होते.

'आक्रमक रुग्ण' हा शब्द येथे दिशाभूल करतो. मेंदूच्या आजारामुळे माणसाला आपली खोली, आपली खुर्ची, समोरच्याचा हेतू नीट उमगत नाही. रात्री कुणी दार उघडून आत आले, तर आतल्या आजींच्या दृष्टीने तो घरात शिरलेला चोरच असतो, आणि आत येणाऱ्या आजोबांना ती स्वतःचीच खोली वाटत असते. दोघांच्याही मनात दुष्टावा नसतो. मात्र धक्का लागून पडलेल्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडू शकते आणि त्यातून मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून 'त्यांना कळत नाही' म्हणून विषय सोडून देणे हा दोघांवरही अन्याय आहे.

प्रतिबंधाची सुरुवात घटनेच्या आधीच्या काही मिनिटांपासून होते. दुखणे, तहान, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, शौचाची घाई, ऐकू न येणे ही कारणे आधी तपासावीत, कारण हे त्रास रुग्णाला अनेकदा शब्दांत सांगता येत नाहीत. जेवणघरातील गोंगाट, ताटाची लांबलेली वाट, अरुंद वाटेतील गर्दी, रिकामी गेलेली दुपार यांतूनही ठिणगी पडते. दारावर त्या व्यक्तीचा तरुणपणीचा फोटो लावणे, शौचालय सहज दिसेल अशी रचना करणे, जेवणाच्या जागा विचारपूर्वक ठरवणे हे उपाय स्वस्त आहेत. ओळखीचे, पुरेसे आणि प्रशिक्षित कर्मचारी ठेवणे मात्र खर्चाचे असते आणि बहुधा तेथेच हात आखडला जातो. अमेरिकेत असिस्टेड लिव्हिंगचे नियम केंद्र सरकार नव्हे, तर प्रत्येक राज्य ठरवते. त्यामुळे मनुष्यबळाच्या अटी राज्यागणिक बदलतात.

भांडण पेटलेच तर समोरून, शांत आवाजात जवळ जावे, दोघांना वेगळे करावे आणि 'असं का केलंत?' हा प्रश्न टाळावा. उत्तर त्यांच्यापाशी नसते. नंतर दोघांचीही तपासणी करून कुटुंबीयांना कळवावे. गुंगीच्या औषधांकडे लगेच वळू नये. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे.

नोंदवहीत केवळ 'मारले' असे लिहून भागत नाही. वेळ, जागा, आधी काय घडले आणि जवळ कोण होते, हेही लिहावे लागते. अशा दहा-बारा नोंदी शेजारी ठेवल्या की एकच दार किंवा एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि नेमका कर्मचारी कुठे उभा करायचा ते ठरवता येते.