टीबीच्या जंतूचं चयापचय नियमन

टीबीचा जंतू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, शरीरात काय खातो, किती वेगाने वाढतो आणि कधी वाढ थांबवून नुसता पडून राहतो, या सगळ्या कारभाराला त्याचं चयापचय नियमन म्हणतात. जंतू किती त्रास देणार आणि गोळ्यांना कितपत दाद देणार हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला, पण तो खातो काय हे नीट कळायला पुढे शंभरावर वर्षं गेली.

मुळात हा प्राणी संथ. आतड्यातला ई. कोलाय जंतू चांगलं खायला मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळपास अख्खा दिवस लागतो, म्हणून तर कल्चरचा (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याचा) रिपोर्ट यायला आठवडे जातात.

लॅबमध्ये त्याला ग्लिसरॉल घातलेलं खाद्य देतात, शरीरात मात्र तो मुख्यतः चरबी आणि कोलेस्टेरॉलवर जगतो. १९९८ मध्ये त्याचा जीनोम (सगळ्या जनुकांचा संच) वाचला तेव्हा साधारण ४,००० जनुकांपैकी २५० च्या आसपास नुसत्या चरबीच्या कामाची निघाली. २००० साली आयसोसायट्रेट लायेज या एन्झाइमचं जनुक काढून टाकलेले जंतू उंदरांना दिले, तर ते सुरुवातीला नेहमीसारखेच वाढले आणि मग काही आठवड्यांनी टिकाव धरेनात, कारण चरबीवर गुजराण करायला हेच एन्झाइम लागतं. कोलेस्टेरॉल तोडताना प्रोपिऑनिल नावाचा तुकडा उरतो, तो साठला तर जंतूलाच विषारी, मग तो त्यातून स्वतःच्या आवरणातलं पीडीआयएम नावाचं मेण बनवतो आणि हेच मेण त्याला आपल्या पांढऱ्या पेशींपासून वाचवतं. म्हणजे कोलेस्टेरॉल आपलं आणि चिलखत त्याचं!

खाद्याचा हा फरक किती महागात पडतो ते २०१० मध्ये दिसलं. टेस्ट ट्यूबमध्ये जंतू मस्त मारणारी काही रसायनं सापडली, उंदरांत मात्र शून्य परिणाम. कारण काय, तर ती ग्लिसरॉल खाणाऱ्या जंतूलाच मारत होती आणि उंदराच्या फुप्फुसात त्याचं पोट ग्लिसरॉलवर चालतच नव्हतं.

आता औषधांचं. टीबीचं नेहमीचं औषध आयसोनियाझिड जंतूच्या पेशीभित्तिकेचं (बाहेरच्या भिंतीचं) बांधकाम बंद पाडतं, पण जंतूने बांधकामच थांबवलं असेल तर बंद काय पाडणार? ऑक्सिजन कमी पडला की डॉसआर हा स्विच ५० च्या आसपास जनुकं चालू करतो, त्यातलंच एक टीजीएस१, हे चरबी साठवायचं काम करतं. जो ॲसिटिल कोए (खाद्य तोडून मिळणारा कच्चा माल) जाळून ऊर्जा मिळाली असती तो चरबीकडे वळतो आणि वाढ मंदावते. २०११ च्या प्रयोगात टीजीएस१ काढलं तेव्हा ताण असूनही जंतू वाढत राहिले आणि औषधांनी जास्त मेले, उंदरांतसुद्धा. पेशंटच्या थुंकीतल्या जंतूंना चरबीचा रंग दिला तर पोटात साठवलेले थेंब दिसतात, म्हणजे ही नुसती लॅबमधली गंमत नाही.

मात्र वाढ थांबवून औषधातून असं वाचणं हा खरा रेझिस्टन्स (औषध कायमचं लागू न पडणं) नव्हे, याला टॉलरन्स म्हणतात, आणि लोक (कधीकधी बातम्यासुद्धा) दोन्हींची सरमिसळ करतात. आरपीओबी जनुकात बदल होऊन रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेनासं झालं तर तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. टॉलरन्स तात्पुरता, जंतू जागा झाला की परत मरतो. जोसेफ बिगरने १९४४ मध्ये पेनिसिलिनमधून वाचलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंना पर्सिस्टर (चिवटपणे टिकणारे) म्हटलं ते याच अर्थाने. दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे: ग्लिसरॉल वापरायच्या जीएलपीके जनुकात एका जागी ओळीने ७ वेळा सी हे डीएनएचं अक्षर आहे, नक्कल करताना तिथे एखादं अक्षर कमीजास्त होतं, जनुक बंद पडतं, जंतू औषधात जास्त तग धरतो, आणि पुढे तीच चूक उलटी होऊन जनुक परत चालूही होऊ शकतं.

नेहमीच्या टीबीची ट्रीटमेंट सहा महिने चालते त्यामागे हे सुस्तावलेले जंतू हे मोठं कारण. पायराझिनामाइड हे औषध आम्लात जोर धरतं आणि न वाढणाऱ्यांवरही चालतं. २०१२ च्या शेवटी अमेरिकेत मंजूर झालेलं बेडाक्विलिन तर सरळ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवणारं यंत्रच अडवतं, कारण झोपलेल्या जंतूलाही थोडा एटीपी लागतोच. पण गंमत म्हणजे साखर-ग्लिसरॉलवर वाढणारे जंतू या औषधातही सुरुवातीचे काही दिवस तग धरतात, त्यांना एटीपी मिळवायची दुसरी वाट असते. चरबीवर वाढणाऱ्यांना ती नसते, ते लवकर मरतात.