पहिल्या वर्षी ‘पंधरा पौंड’ वाढतात?

अमेरिकेत शिकायला निघालेल्यांना हमखास ऐकवलं जातं की पहिल्याच वर्षी वजन 15 पौंडांनी, म्हणजे जवळजवळ 7 किलोंनी वाढतं. ‘सेव्हन्टीन’ मासिकाने 1989 मध्ये हा आकडा गाजवला. इंग्रजीत ‘फ्रेशमन फिफ्टीन’ (फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी) असा अनुप्रास छान जुळतो, एवढंच!

2011 मध्ये झागोर्स्की आणि स्मिथ या संशोधकांनी अमेरिकेतल्या देशव्यापी पाहणीची आकडेवारी तपासली. पहिल्या वर्षाची सरासरी वाढ मुलींमध्ये 2.4 पौंड, मुलांमध्ये 3.4. कॉलेजात न गेलेल्या समवयस्कांचं वजनही जवळपास तितकंच वाढलं होतं; फरक जेमतेम अर्ध्या पौंडाचा. हॉस्टेल उगाचच बदनाम; तिथे राहिल्याने फरक दिसला नाही. भरमसाट दारूने मात्र दिसला, तोही पौंडाच्या आतच. त्यामुळे धास्तीने नाश्ता सोडायचं कारण नाही. वजन पुढेही हळूहळू वाढतच जातं, पदवीनंतरसुद्धा.