आक्रमकांच्या बाजूने सांगितलेली चित्रकथा

'टीव्ही सेंच्युरी २१' या ब्रिटिश साप्ताहिकाचा पहिला अंक २३ जानेवारी १९६५ रोजी निघाला, पण त्यावर तारीख छापली होती २३ जानेवारी २०६५. पहिलं पान शंभर वर्षांनंतरच्या वर्तमानपत्रासारखं मांडलेलं आणि मागच्या पानावर रंगीत 'द डालेक्स' ही चित्रकथा. डालेक म्हणजे धातूच्या कवचात राहणारे, परग्रहावरचे क्रूर जीव. आठवड्याला एक पान या हिशेबाने ही चित्रकथा १०४ अंक चालली आणि जानेवारी १९६७ मध्ये थांबली. आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, पण तिने केलेलं धाडस तिच्याआधी ब्रिटिश मुलांच्या साप्ताहिकांत क्वचितच कुणी केलं असेल. परग्रहावरच्या आक्रमकांची गोष्ट तिने आक्रमकांच्याच तळावरून सांगितली.

तोवरची रीत वेगळी होती. १८९८ साली पुस्तकरूपात आलेल्या एच. जी. वेल्स यांच्या, मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीच्या कादंबरीत निवेदक जीव वाचवत पळणारा माणूस आहे. १९५० पासून 'ईगल' या मुलांच्या साप्ताहिकात गाजलेल्या 'डॅन डेअर' या चित्रकथेत शुक्रावरचा खलनायक मेकॉन कितीही धूर्त असला, तरी वाचक उभा असतो तो डॅनच्या शेजारी.

डालेक मुळात बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेतले, तिचा नायक 'डॉक्टर' याचे शत्रू. डिसेंबर १९६३ मध्ये ते पडद्यावर आले. १९६४ च्या अखेरीस त्यांनी पृथ्वी काबीज केल्याची कथा दाखवली गेली आणि वेस्टमिन्स्टर पुलावरून फिरणारे डालेक घरोघरी पोहोचले. लंडनवर बॉम्ब पडल्याला तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती. उद्ध्वस्त लंडनचं ते दृश्य मोठ्यांना का झोंबलं असेल, ते वेगळं सांगायला नको. मुलांना मात्र डालेकांचं वेडच लागलं.

डॉक्टरविना डालेक, ही कल्पना हक्कांच्या वाटणीमुळे व्यवहारात उतरू शकली. डालेकांची कल्पना मांडणारे लेखक टेरी नेशन बीबीसीबाहेरचे असल्याने डालेकांच्या हक्कांत त्यांचा वाटा होता. ज्यांनी डालेकांना ते अविस्मरणीय रूप दिलं, ते रेमंड क्युसिक बीबीसीचे पगारी नोकर. त्यांच्या वाट्याला हक्क आले नाहीत, आणि हा अन्याय आजही खटकतो. डॉक्टरची स्वतःची चित्रकथा तेव्हा 'टीव्ही कॉमिक' या दुसऱ्या साप्ताहिकात चालू होती. त्यामुळे 'टीव्ही सेंच्युरी २१'ला डालेक मिळाले, डॉक्टर नाही. नायकाची ही उणीव पथ्यावरच पडली.

लेखन बहुतांश डेव्हिड व्हिटेकर यांचं. ते 'डॉक्टर हू'चे पहिले कथा-संपादक. त्यांनी डालेकांच्या स्कारो ग्रहाला इतिहास दिला. यार्वेलिंग नावाचा शास्त्रज्ञ युद्धयंत्र बनवतो, उल्कापातात न्यूट्रॉन बॉम्बचा साठा फुटतो आणि किरणोत्सर्गाने विद्रूप झालेला जीव त्या यंत्रात शिरतो. त्यांच्यातला एक स्वतःसाठी मोठ्या गोल डोक्याचं सोनेरी कवच करवून घेतो आणि सम्राट होतो. पुढे त्याला आव्हान देणारा झेग येतो, आणि १९६६ मध्ये तर सौंदर्यापुढे थबकणारा, आज्ञा मोडणारा डालेकही येतो. मला हा भाग साऱ्या चित्रकथेत सर्वांत मोलाचा वाटतो. १९६७ मध्ये व्हिटेकर यांनीच टीव्हीसाठी लिहिलेल्या कथेत माणुसकीचा अंश लाभलेले डालेक बंड करतात. त्याचं बीज इथे दिसतं.

चित्रं आधी रिचर्ड जेनिंग्ज यांची. मध्ये थोडा काळ एरिक ईडन होते आणि शेवटचा मोठा टप्पा रॉन टर्नर यांनी काढला. जेनिंग्ज आणि ईडन दोघेही 'ईगल'च्या मुशीत घडलेले. टर्नर यांच्या तिरक्या चौकटी आणि भडक रंग पाहिले, की हे पान नजरेत का भरत असे ते कळतं.

अखेरच्या कथेत डालेकांना पृथ्वीचा ठावठिकाणा लागतो. स्वारीची तयारी सुरू होते आणि चित्रकथा तिथेच संपते. त्याच महिन्यात डालेक 'टीव्ही कॉमिक'मध्ये डॉक्टरचे शत्रू म्हणून अवतरले. १९७५ मध्ये टीव्हीवर डाव्हरॉस हा डालेकांचा जन्मदाता ठरला आणि यार्वेलिंगची जन्मकथा बाद झाली. सम्राटाचं ते गोल डोकं मात्र १९८८ मध्ये टीव्ही मालिकेत दिसलं.