आणखी कॅमेरे लावण्याआधी पिक्सेल मोजा

कॉलेजच्या कॅम्पसमध्ये काही वाईट घडलं की दुसऱ्या दिवशी बातमीत एक वाक्य हमखास येतं, "परिसरात आणखी सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यात येणार आहेत". किती कॅमेरे, किती लाखांचं टेंडर हे सगळं सांगतात, पण त्या कॅमेऱ्यातून नक्की काय दिसणार हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की कॅमेरा लागला म्हणजे सगळं दिसतं, आणि नाहीच दिसलं तर पोलीस झूम करून बघतील. हा समज दोन्ही बाजूंनी महागात पडतो. ज्या सुरक्षेसाठी कॅमेरा लावला ती मिळत नाही, आणि कोण कोणाबरोबर कुठे बसलं होतं हे मात्र महिनाभर हार्डडिस्कवर पडून राहतं. कॅम्पसवर कॅमेरा जबाबदारीने कसा वापरायचा याचं निम्मं उत्तर कायद्याच्या आधी शाळेतल्या भूमितीत सापडतं असं माझं मत आहे, म्हणून आधी तिथून सुरुवात करू.

साधा फुल एचडी कॅमेरा घ्या. त्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. हा आकडा ठरलेला, कॅमेऱ्यासमोर दोन मीटरची भिंत असो नाहीतर अख्खं क्रिकेटचं मैदान असो, पिक्सेल तेवढेच. चमचाभर तूप एका पोळीला लावलं तर छान लागतं, तेच दहा पोळ्यांना पुरवायचं म्हटलं तर कुठल्याच पोळीला चव येत नाही, इथेही तसंच होतं. म्हणून विचारायचं ते असं, की ज्या जागी माणूस उभा असेल तिथे एका मीटरच्या रुंदीला किती पिक्सेल मिळतात?

यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. २०१४ च्या आवृत्तीतले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. एका मीटरला २५ पिक्सेल असतील तर "कोणीतरी आलंय" एवढं कळतं. ६२ च्या आसपास गेलं की कपडे वगैरे थोडे दिसतात. १२५ ला रोज बघण्यातला माणूस असेल तर ओळखू येतो, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची असेल तर २५० पाहिजेत.

आता गणित करू. कॅमेऱ्याचा कोन ९० अंश धरला (भिंतीवर लागणारे बरेचसे स्वस्तातले कॅमेरे याच्या आसपासच असतात) तर जितकं अंतर त्याच्या दुप्पट रुंदी दिसते. दहा मीटरवर वीस मीटर रुंदी, म्हणजे १९२० भागिले २० बरोबर ९६ पिक्सेल प्रति मीटर. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा सगळा मिळून फक्त १५ पिक्सेलचा! उलटं गणित केलं तर २५० चा आकडा गाठायला माणूस चार मीटरच्या आत यायला हवा, नेमकं सांगायचं तर ३.८४ मीटर. "कोणीतरी आहे" एवढं मात्र जवळजवळ ३८ मीटरपर्यंत दिसतं.

मग ८ मेगापिक्सेलचा, फोर के कॅमेरा लावूया असं कोणीतरी म्हणतंच. त्याची रुंदी ३८४० पिक्सेल, म्हणजे ३.८४ मीटरचे ७.६८ मीटर झाले, बस. मेगापिक्सेल चौपट केले की अंतर फक्त दुप्पट होतं कारण पिक्सेल रुंदीत आणि उंचीत दोन्हीकडे वाटले जातात, जाहिरातीत हा मुद्दा कधी येत नाही. त्यापेक्षा तोच जुना फुल एचडी कॅमेरा ठेवून ३० अंशाची लेन्स लावली तर चौदा मीटरवरचा चेहरा ओळखता येतो, फक्त आजूबाजूचं दिसत नाही. म्हणजे सगळं बघायचं की नीट बघायचं यातलं एक निवडावं लागतं. आता पुणे विद्यापीठाचा परिसर डोळ्यासमोर आणा, ४११ एकर, झाडी, आतले रस्ते, हॉस्टेलं. तिथे प्रत्येक इंच ओळख पटेल इतका टिपायचा म्हटलं तर ते होणारच नाही.

हे झालं दिवसाचं, आणि माणूस स्थिर उभा असेल तरचं. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर पुढे जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये तो ५.६ सेंटीमीटर सरकला. २५० पिक्सेल प्रति मीटरच्या हिशोबात हे १४ पिक्सेल झाले आणि चेहरा आहे ४० पिक्सेलचा, म्हणजे एक तृतीयांश चेहऱ्याइतकं चित्र फासलं गेलं. ताशी ३० किलोमीटरने जाणारी बाईक तेवढ्याच वेळात ३३ सेंटीमीटर जाते, तिची नंबरप्लेट विसराच. त्यामुळे रात्री जास्त कॅमेऱ्यांपेक्षा एक चांगला पेटणारा दिवा कधीकधी जास्त काम करतो, आणि हॉस्टेलकडे पायी जाणाऱ्या मुलीला तो दिवा लगेच उपयोगी पडतो, फुटेज नंतर.

दिवे नसतील तर कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो. भोवतीचे छोटे एलईडी बहुतेक वेळा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात, जो आपल्याला जवळपास दिसत नाही पण सिलिकॉनच्या सेन्सरला दिसतो. दिवसा हा प्रकाश अडवणारा फिल्टर रात्री लेन्समागून बाजूला सरकतो (शांततेत त्याचा टक् असा आवाज ऐकू येतो) आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट होतं. गंमत पुढे आहे. आपल्याला काळे दिसणारे बरेच रंग इन्फ्रारेड शोषतच नाहीत, त्यामुळे काळा शर्ट फुटेजमध्ये राखाडी किंवा चक्क पांढुरका दिसू शकतो. साक्षीदार म्हणतो काळा शर्ट, फुटेजमध्ये पांढरा, आणि चौकशी समितीत कोणाला हे माहीत नसेल तर त्या दिवशी खरोखर पांढरा शर्ट घातलेला भलताच मुलगा अडकतो.

इथेच एक सांगून टाकतो. "सीसीटीव्हीत कैद झालं भूत" छापाचे जे व्हिडिओ फिरतात त्यातले तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे लेन्सच्या अगदी जवळून उडणारा किडा नाहीतर धूळ, एलईडीचा उजेड अंगावर पडतो आणि फोकसच्या बाहेर असल्यामुळे गोल फुगून दिसतात. पांढरी हलणारी सावली म्हणजे कोळ्याचं जाळं. आणि आरपार दिसणारा माणूस? अंधारातला दाणेदारपणा घालवायला कॅमेरा लागोपाठच्या फ्रेम एकमेकांत मिसळतो, त्यात हलणारा माणूस अर्धवट पुसला जातो. होस्टेलमध्ये असा व्हिडिओ आला तर शांती करण्याआधी कॅमेऱ्याची काच पुसा.

आता झूम. जे पिक्सेल रेकॉर्डच झाले नाहीत ते नंतर कुठून आणणार? एआय आणतं म्हणे, आणि भीती मला याचीच जास्त वाटते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाची पद्धत काढली, १६ बाय १६ पिक्सेलच्या धुरकट चेहऱ्यापासून १०२४ बाय १०२४ चा चकचकीत चेहरा. वर आपण काढलेला दहा मीटरवरचा चेहरा आठवा, साधारण तेवढाच. लोकांनी त्यात बराक ओबामांचा धुरकट केलेला फोटो टाकला तर बाहेर एक गोरा माणूस आला. यात बिघाड काही नव्हता, ती पद्धत चालतेच तशी. एकाच धुरकट चित्रात बसतील असे असंख्य खरे वाटणारे चेहरे असतात, आणि मॉडेल त्यातला एक कल्पनेने बनवून देतं, ते फुटेजमधून काही "काढत" नाही. संशोधकांनी स्वतःही सांगितलं होतं की हे ओळख पटवण्यासाठी नाही. तेव्हा शिस्तपालन समितीपुढे कोणी "एन्हान्स केलेला" फोटो ठेवला तर तो पुरावा म्हणून बाजूलाच ठेवायला हवा.

मग चेहरा ओळखता येत नसेल तर खाजगीपणाचं काही बिघडत नाही ना? बिघडतं, आणि त्याचं उदाहरणही ड्यूकचंच आहे. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी कॅम्पसवर आठ कॅमेरे लावून ८५ मिनिटं चित्रीकरण केलं. २० लाखांहून जास्त फ्रेम, २,७०० हून जास्त माणसं, बहुतेक वर्ग गाठायला निघालेले विद्यार्थी. हेतू चेहरा ओळखण्याचा नव्हताच, या कॅमेऱ्यातून बाहेर पडलेली व्यक्ती पुढच्या कॅमेऱ्यात आली की "ही तीच" असं कॉम्प्युटरला कळतं का हे बघायचं होतं. कपड्यांचा रंग, पाठीवरची सॅक, अंगकाठी यावरून ते बऱ्यापैकी कळतं. हा डेटा इंटरनेटवर खुला ठेवला गेला, जगभरात वापरला गेला, पाळत ठेवण्याचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या चिनी कंपन्यांपर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये बातम्या आल्यावर काढून टाकला. तेव्हा समोर आलं की विद्यापीठाकडून मिळालेली परवानगी इमारतीच्या आतल्या चित्रीकरणापुरती होती आणि चित्रीकरण तिच्या बाहेर जाऊन, उघड्यावर झालं होतं. वर्गाला निघालेल्या मुलीने यातलं काय मान्य केलं होतं? एकेकटा कॅमेरा फक्त "कोणीतरी गेलं" एवढंच सांगतो, पण आठ एकत्र जोडले की "हीच व्यक्ती लायब्ररीतून निघाली आणि तिकडे गेली" हे सांगतात, नाव माहीत नसतानाही.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं तर कॅम्पसवर काही काम आहे असं मला वाटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसने असा विचार चालवला होता, तेव्हा एका नागरी हक्क संघटनेने तिथल्या खेळाडूंचे आणि प्राध्यापकांचे ४०० च्या आसपास फोटो ॲमेझॉनच्या सॉफ्टवेअरमधून गुन्हेगारांच्या फोटोंशी ताडून बघितले, ५८ जण चुकीने "सापडले". फेब्रुवारी २०२० मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडून दिला. आपल्याकडे आता "भांडण होण्याआधी ओळखणारा एआय कॅमेरा" विकायला येतात, त्यातून चुकीचे किती इशारे येतात एवढा आकडा विकणाऱ्यांकडे लेखी मागा.

कॅमेरे निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. ४० वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये आला, त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, सगळ्यात जास्त फायदा पार्किंगमध्ये, आणि मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम नाही. हे वरच्या भूमितीशी जुळतं. पार्किंगचं आणि गेटचं तोंड अरुंद असतं, तिथे २५० चा आकडा स्वस्तात गाठता येतो. यूजीसीच्या २०१५ च्या सुरक्षा मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रवेशद्वारांवर सीसीटीव्ही सांगितलेत. म्हणून गेटवर, पार्किंगच्या तोंडावर, लॅबच्या बाहेर डोळ्याच्या उंचीपासून फार वर न जाता अरुंद लेन्सचा कॅमेरा लावा. पॅसेजमध्ये, लॉनवर, कॅन्टीनबाहेर मीटरला २५ पिक्सेल पुरे, आग लागली, पळापळ झाली तर कळेल आणि कोण कोणाशेजारी बसलं हे कळणार नाही. हॉस्टेलच्या खिडक्या चौकटीत येत असतील तर जवळपास प्रत्येक आयपी (नेटवर्कला जोडलेल्या) कॅमेऱ्यात प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करून टाकायला दोन मिनिटं लागतात. टॉयलेट, चेंजिंग रूम, हॉस्टेलच्या खोल्या इथे प्रश्नच येत नाही, तिथे कॅमेरा लावणं सरळ गुन्हा होतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं ७७ त्यासाठीच आहे.

किती दिवस ठेवायचं? फुल एचडी कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर दिवसाला ४३ जीबी होतात, शंभर कॅमेरे आणि ३० दिवस म्हटलं तर १३० टेराबाइटच्या जवळ. ज्याची तक्रार आलीये तेवढा तुकडा वेगळा जपून ठेवायचा आणि बाकीचं ठरलेल्या मुदतीत आपोआप पुसलं जाऊ द्यायचं, यात पैसेही वाचतात आणि चोरीला जाण्यासारखं काही उरत नाही.

कारण चोरी होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात घेतले, ६० च्या आसपास ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक टाकून बघायच्या एवढीच त्याची युक्ती. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना लागेनात. हे मालवेअर लिहिणाऱ्यांपैकी एक रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आणि स्वतःच्याच विद्यापीठाचं नेटवर्क वारंवार पाडल्याचंही त्याने कोर्टात कबूल केलं. तेव्हा कॅमेऱ्यांचं नेटवर्क विद्यार्थ्यांच्या वायफायपासून वेगळं ठेवणं आणि पासवर्ड बदलणं हे पहिल्या दिवशीचं काम आहे.

आपल्याकडे मात्र हॅकरची गरजही पडत नाही, मॉनिटर सिक्युरिटी केबिनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला असतो, कोणीतरी मोबाईलने त्याचं शूटिंग करतं आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या जोडप्याचा व्हिडिओ दहा ग्रुपवर फिरतो. त्या मुलीचं कॉलेज सुटतं इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. यावर इलाज अवघड नाही: स्क्रीनवर लॉगिन केलेल्याचं नाव अंधुक उमटत ठेवायचं, फुटेज कोणी, कधी, कोणाच्या लेखी परवानगीने बघितलं याची नोंद ठेवायची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, त्यामुळे विद्यापीठांना हे आज ना उद्या करावंच लागेल.

सरकारी विद्यापीठाची टेंडरची कागदपत्रं माहिती अधिकारात मागता येतात. पुढच्या वेळी तुमच्या कॅम्पसवर कॅमेऱ्यांचं टेंडर निघालं की विद्यार्थी प्रतिनिधींनी अर्ज करून प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तीन गोष्टी लिहिल्यात का ते बघावं, कशासाठी, किती पिक्सेल प्रति मीटर, आणि किती दिवसांनी पुसणार.