थंडीत हरवलेले वीस यार्ड

एरवी गोल्फमध्ये सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी पात्याच्या क्लबने) मारलेला चेंडू थेट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर पडतो. थंडीत त्याच जागेवरून, त्याच आयर्नने तितकाच नेटका फटका बसतो, पण चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात जातो. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या फटक्यात फरक आणखी मोठा असतो. "हवा जड झालीय" असे म्हणून बहुतेक खेळाडू विषय संपवतात. हवा जड होते हे खरेच, पण हरवलेल्या अंतरातला निम्म्याहून अधिक वाटा हवेचा नसतो. तो चेंडूचा असतो, आणि त्याहून जास्त खेळणाऱ्याच्या अंगाचा.

हिशेबासाठी एक हौशी खेळाडू घेऊ. ३० अंश सेल्सिअसला ड्रायव्हरने त्याचा चेंडू हवेतून २२० यार्ड जातो. आता पारा ५ अंशांवर आणू.

आधी हवा. ३० अंशांना समुद्रसपाटीवर एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१६ किलो भरते, ५ अंशांना १.२७ किलो. म्हणजे चेंडूला नऊ टक्के जास्त दाट हवेतून वाट काढावी लागते. दाट हवा चेंडूला नुसती अडवत नाही, उचलतेही जास्त. फटक्यानंतर चेंडू मागच्या दिशेने गिरक्या घेत जातो आणि त्या गिरकीमुळे त्याला वर ढकलणारे बल मिळते. हवा दाट झाली की हे बलही वाढते, म्हणून थंडीत चेंडू वर चढल्यासारखा दिसतो, मग दम संपल्यासारखा उभा खाली येतो आणि फारसा घरंगळत नाही. समोरून वारा असेल तर हे जास्तच जाणवते. अशा वेळी जोर वाढवून मारले की गिरकी वाढते आणि चेंडू आणखी वर जातो. एक नंबर मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा आयर्न (सातऐवजी सहा) घेऊन सावकाश मारलेला फटका वाऱ्याखालून निघून जातो. आपल्या खेळाडूचे एवढ्यात साधारण सात-आठ यार्ड जातात.

दमट हवा जड असते हा समज मात्र चुकीचा आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी भरते. चेंडूच्या अंतरावर तिचा परिणाम नगण्य आहे.

आता चेंडू. नियमाने त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. त्याचा गाभा पॉलिब्युटाडीन नावाच्या रबराचा असतो. क्लबचे पाते आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्या वेळात चेंडू दबून चपटा होतो आणि पुन्हा उसळून मूळ आकारात येतो. दबताना साठलेली ऊर्जा सगळी परत मिळत नाही, काही रबराच्या अंतर्गत घर्षणात उष्णता होऊन जाते. रबर जितके थंड, तितके त्याचे लांब रेणू सरकायला कुरकुरतात आणि तितकी ऊर्जा वाया जाते. स्क्वॉश खेळणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. थंड चेंडू उसळत नाही म्हणून ते सामन्याआधी भिंतीवर मारून मारून तो गरम करून घेतात. गोल्फच्या चेंडूत परिणाम इतका ठळक नसतो, पण ५ अंशांपर्यंत गार झालेल्या चेंडूचा वेग ताशी दोनेक मैलांनी घटतो, आणि त्याचे तीन-चार यार्ड होतात.

ही गळती बरीचशी थांबवता येते, पण त्यासाठी रबराला उष्णता किती सावकाश मिळते हे लक्षात घ्यायला हवे. रात्रभर गाडीच्या डिकीत पडलेला चेंडू सकाळी दहा मिनिटे हातात चोळला तर वरचे कवच कोमट लागते, गाभा गारच राहतो. खोलीच्या हवेत तो आतपर्यंत उबायला दोनेक तास लागतात. म्हणून चेंडू डिकीत ठेवूच नयेत, आदल्या रात्रीच घरात आणावेत. उकळते पाणी, ओव्हन, मायक्रोवेव्ह असले प्रयोग करू नयेत. त्यात कवच आणि गाभा यांच्यातला जोड बिघडतो, आणि मायक्रोवेव्ह तर सरळ धोकादायक आहे. स्पर्धेत तर चेंडूचे गुणधर्म बदलण्यासाठी तो मुद्दाम तापवणे नियम ४.२ नुसार निषिद्ध आहे. तसा चेंडू खेळला तर खेळाडू बाद होतो. हात शेकायची गरम पुडी वापरायला परवानगी आहे, पण ती ज्या खिशात असेल त्या खिशात चेंडू ठेवू नये.

थंडीत मऊ, कमी कॉम्प्रेशनचा (सहज दबणारा) चेंडू घ्यावा असा सल्ला नेहमी मिळतो. क्लब संथ फिरवणाऱ्या खेळाडूला तो हाताला सुखद लागतो, गार हातांना बसणारा झटकाही कमी करतो. अंतरात मात्र त्याने फार फरक पडत नाही. घरात ठेवलेला नेहमीचा चेंडू डिकीतल्या मऊ चेंडूपेक्षा बरा. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या अंतराच्या चाचणीत क्लबचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ मैलांवर नेण्याचे जाहीर केले, त्यावर व्यावसायिक खेळाडूंमध्ये बरीच चर्चा झाली. अंतराची मर्यादा तीच ठेवून चाचणीचा वेग वाढवला की चेंडू थोडा कमी जाणारा बनवावा लागतो. त्यातून घटणारे अंतर लांब मारणाऱ्यांसाठी १३ ते १५ यार्ड आणि सामान्य हौशी खेळाडूसाठी जेमतेम ५ यार्ड असेल, असा त्या संस्थांचा अंदाज आहे. हौशी माणूस थंडीत त्याहून कितीतरी जास्त अंतर गमावतो आणि त्याकडे लक्षही देत नाही.

क्लबच्या धातूवर थंडीचा परिणाम नगण्य. ग्रिपवर, म्हणजे क्लबच्या रबरी मुठीवर मात्र होतो. गारठलेले रबर कडक आणि निसरडे होते, त्यात हातांचे तेल आणि धूळ साचलेली असेल तर काच धरल्यासारखे वाटते. मग हात आपोआप मूठ आवळतो, मनगट ताठ होते, पाते चेंडूकडे सरळ वळायला उशीर होतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे जातो. यावर उपाय सोपा आहे. कोमट पाणी, भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश घेऊन ग्रिप घासा, पुसा आणि रात्रभर खोलीत सुकू द्या. बोटाने दाबल्यावर ग्रिप चकाकत असेल किंवा अंगठ्याच्या जागी खड्डा पडला असेल तर धुऊन उपयोग नाही, ती बदलायलाच हवी. हिवाळ्यातल्या ओल्या, मऊ जमिनीत वेजचा (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबचा) तळ रुततो, तिथे १० ते १४ अंश बाउन्सचा, म्हणजे तळाला तेवढा उतार असलेला वेज कामाला येतो. जमीन गोठून टणक झाली असेल तर तोच वेज आपटून उसळतो आणि चेंडूच्या मध्यावर आदळतो. तेव्हा कमी बाउन्सचा वेज किंवा सरळ पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब) बरा.

उरलेले आठ-दहा यार्ड शरीरातून जातात.

डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूवर आणण्याची हालचाल, पाव सेकंदात संपतो. इतक्या थोड्या वेळात ताकद लावायची तर स्नायूंचे आकुंचन वेगाने व्हायला हवे, आणि ते वेगाने होण्यासाठी स्नायू उबदार असायला हवेत. स्नायूचे तापमान एका अंशाने उतरले तरी झटक्याने लावायच्या ताकदीत काही टक्क्यांची घट होते. चेतातंतूंमधून संदेशही सावकाश जातात. थंडीत शरीर पोटातले अवयव उबदार ठेवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांखाली गेले की बोटांतले कौशल्य झपाट्याने कमी होते, आणि पटिंगमधले अंतर चुकण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. क्लबचा वेग ताशी एका मैलाने घटला की ड्रायव्हरचे साधारण अडीच यार्ड जातात. तीन-चार मैल घटणे अवघड नाही, आणि जाड जॅकेटने खांद्यांचे वळणे अडवले तर त्यात भर पडते. एका जाड थराऐवजी पातळ दोन-तीन थर घाला. सगळ्यात वर बिनबाह्यांचे जॅकेट असले तर खांदे मोकळे राहतात. फटक्यांच्या मध्ये दोन्ही हातांत जाड मोजे आणि कानांवर टोपी असावी.

वॉर्मअपला बारा मिनिटे पुरतात, पण क्रम महत्त्वाचा. सुरुवातीची चार मिनिटे नुसते भरभर चाला, श्वास किंचित वाढून अंगात ऊब येईपर्यंत. मग कशाला तरी धरून एकेक पाय पुढे-मागे दहा वेळा आणि आडवा दहा वेळा झुलवा. क्लब खांद्यांवर आडवा धरून, कंबर स्थिर ठेवून छाती दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा वळवा. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून दहा वेळा पुढे वाका आणि उठा. नंतर वेजने अर्धे दहा फटके, मधल्या आयर्नने पाऊणभर जोराचे आठ, आणि शेवटी ड्रायव्हरचे सहा स्विंग, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा जोराचा. इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर फिरवणे, ज्याची किंमत बहुधा कंबर मोजते. दुसरी म्हणजे थंड स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरणे. असे लांब ताण खेळानंतर द्यावेत, आधी दिल्यास झटक्याची ताकद तात्पुरती कमी होते. मिळवलेली ऊब टिकवायची तर बग्गी सोडून चालावे. पुढचा गट रेंगाळत असेल तर थांबून न राहता दर दोन-तीन मिनिटांनी क्लब फिरवत राहावे.

मैदान बंद असण्याचे आठवडे घरच्या व्यायामासाठी वापरता येतात. कमवलेली ताकद टिकवायला आठवड्यातून एखादे सत्र पुरते, अट एवढीच की वजन हलके करायचे नाही. वाढवायची असेल तर दोन-तीन सत्रे लागतात. प्रत्येक सत्रात डेडलिफ्टचे ६ ते ८ वेळांचे तीन संच, एक पाय पुढे ठेवून स्क्वॉटचे दोन्ही पायांनी ८-८ वेळांचे तीन, आणि रबरी पट्टा ओढण्याचे १२ वेळांचे तीन. त्यात दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर कमरेतून वळून फेकण्याची भर घाला, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, तीन संच. हा बॉल दमेपर्यंत फेकायचा नाही. प्रत्येक फेक पूर्ण वेगाची हवी, म्हणून दोन संचांमध्ये दीड मिनिट थांबावे. वेग मंदावला की त्या दिवसापुरते थांबलेले बरे. नितंबाचा सांधा आणि पाठीचा वरचा भाग नीट वळत नसेल तर ते वळण कंबर स्वतःवर घेते, आणि गोल्फमधली कंबरदुखी बऱ्याचदा तिथून सुरू होते. म्हणून या दोन जागांच्या हालचाली रोज पाच मिनिटे कराव्यात. थंडीत रक्तदाब चढतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दाब किंवा दुखणे जाणवले तर फेरी तिथेच थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

सकाळी दव गोठलेले असताना खेळ उशिरा सुरू होतो, त्यावर चिडू नये. गवताच्या पात्यांमधले पाणी गोठलेले असते. त्यावर पाऊल पडले की पेशींच्या भिंती फुटतात, आणि एक-दोन दिवसांत ग्रीनवर बुटांचे तपकिरी ठसे उमटतात, ते आठवडे-आठवडे जात नाहीत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या वाळवंटात फेब्रुवारीत होणाऱ्या फिनिक्स ओपनमध्येही यामुळे खेळ अनेकदा उशिरा सुरू झाला आहे. त्याच राज्यातल्या डव्ह माउंटन मैदानावर २०१३ च्या मॅच प्ले स्पर्धेत तर बर्फ पडल्यामुळे खेळ थांबवावा लागला.

थंडीत कसे खेळावे याचा उत्तम धडा २००७ च्या मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेत मिळतो. गारठा आणि बोचऱ्या वाऱ्यात विजेत्याचे एकूण फटके २८९ झाले, पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा एक जास्त. विजेत्या झॅक जॉन्सनने चार दिवसांतल्या सोळा पार-५ (पाच फटके अपेक्षित असलेल्या) होल्सपैकी एकावरही दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. चेंडू आपल्या आवडत्या वेजच्या अंतरावर ठेवायचा आणि तिथून मारायचे, एवढेच त्याने ठरवले होते. त्या सोळा होल्सवर त्याने ११ बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) घेतल्या आणि टायगर वुड्ससह तिघांना दोन फटक्यांनी मागे टाकले.

सामान्य खेळाडूने १० अंशांखाली साधारण एक, आणि वारा समोरून असेल तर दोन नंबर मोठा आयर्न घ्यावा. प्रत्येक आयर्नचे थंडीतले अंतर वेगळे मोजून वहीत लिहावे, शेजारी तापमान टाकावे. ऊन तापू लागले की ते आकडे पुन्हा मोजावे लागतात, कारण हिवाळ्याच्या सवयीने काढलेला मोठा आयर्न पहिल्याच उबदार दिवशी चेंडू ग्रीनच्या पलीकडे नेऊन टाकतो.