अनेक डिस्कवरची फाइल सिस्टीम आणि अडून बसणारा बूटलोडर : पार्श्वभूमी

संगणकात दोन डिस्क आहेत, दोन्हींवर सगळ्या डेटाची प्रत आहे, तेव्हा एक बंद पडली तरी यंत्र दुसरीवर सुरू व्हायला हवे, ही अपेक्षा रास्तच आहे. बीटीआरएफएस किंवा झेडएफएससारख्या, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या फाइल सिस्टीमवर (डिस्कवरच्या फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर) मात्र कित्येकदा डेटा शाबूत असतो आणि यंत्र तेवढे सुरू होत नाही. कोकणात हा प्रसंग लवकर ओढवतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगड भागात अनेक गावे दिवसेंदिवस विजेविना होती. एरवीही मृगाच्या वादळी सरींत वीज जाते-येते आणि खारी हवा केबलच्या टोकांवर गंज चढवते. वीज परत आल्यावर दोनांपैकी एक डिस्क वेळेवर न दिसणे इथे अपवादात्मक नाही. त्यातच छापखाना, वाचनालय किंवा मच्छीमार सोसायटी अशा ठिकाणी वेगवेगळ्या आकारांच्या जुन्या डिस्क एकत्र वापरता याव्यात म्हणूनही बीटीआरएफएसकडे ओढा असतो. म्हणून या अडचणीचे मूळ नीट समजून घेणे आवश्यक वाटते.

ते मूळ 1983 मध्ये सापडते. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि पीसी डॉस 2.0 बरोबर मास्टर बूट रेकॉर्ड आला. तो डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असतो आणि हा सेक्टर 512 बाइटचा असतो. त्यातले 64 बाइट चार विभागांच्या तक्त्याला आणि 2 बाइट खुणेला गेल्यावर प्रत्यक्ष कोडसाठी जेमतेम 446 बाइट उरतात. बायोस, म्हणजे यंत्रातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, एका डिस्कचा तो एकच सेक्टर मेमरीत आणते आणि ताबा त्याच्याकडे सोपवते. यंत्र सुरू करण्यासाठी लागणारे सर्व काही एकाच डिस्कवर असणार, हे त्या रचनेत गृहीतच होते, आणि पुढचे जवळजवळ सगळे बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कार्यप्रणाली मेमरीत आणणारे छोटे प्रोग्रॅम, त्याच गृहीतकावर उभे राहिले.

लिनक्सच्या आरंभीच्या काळातला लिलो हा बूटलोडर फाइल सिस्टीम वाचतच नसे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवरच्या कोणत्या ब्लॉकांत आहे त्याची यादी तो आधीच नोंदवून ठेवी, आणि कर्नल बदलल्यावर लिलो पुन्हा चालवायचा राहिला तर यंत्र अडे. एरिक बोलिन यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या ग्रबने ही पद्धत मोडून फाइल सिस्टीम स्वतः वाचायला सुरुवात केली. त्या काळात दोन डिस्कवर एकसारखी प्रत ठेवण्याचे काम कर्नलचा एमडी रेड हा थर करी आणि कोणत्या डिस्क एकत्र आहेत हे सांगणारी त्याची 0.90 आवृत्तीची नोंद डिस्कच्या शेवटी असे. त्यामुळे दोनांतली कोणतीही डिस्क बूटलोडरला साध्या, एकट्या डिस्कसारखी दिसे आणि काम भागून जाई. पुढे 1.2 आवृत्तीची नोंद सुरुवातीपासून 4 किलोबाइटवर आली, डेटा पुढे सरकला आणि जुन्या ग्रबला त्या डिस्क वाचता येईनाशा झाल्या.

खरा पालट झाला तो फाइल सिस्टीमनेच डिस्क सांभाळायला घेतल्या तेव्हा. सन कंपनीची झेडएफएस 2005 मध्ये ओपनसोलारिस या कार्यप्रणालीत खुली झाली. ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी 2007 मध्ये बीटीआरएफएस जाहीर केली आणि 2009 मध्ये ती लिनक्स 2.6.29 मध्ये दाखल झाली. इथे सगळ्या डिस्क मिळून एकच फाइल सिस्टीम असते आणि सर्वांवर एकच यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. कर्नलची फाइल नेमकी कोणत्या डिस्कवर आहे, याला एक ठाम उत्तर राहत नाही.

ग्रब 2 ने बीटीआरएफएसचे रेड 0, 1 आणि 10 हे (डेटा अनेक डिस्कवर वाटण्याचे किंवा त्याच्या प्रती ठेवण्याचे) प्रकार आधी वाचायला घेतले. रेड 5 आणि 6 साठी 2019 ची 2.04 आवृत्ती उजाडावी लागली. शिवाय ग्रबला बायोस दाखवील तेवढ्याच डिस्क दिसतात. जादा कार्डावर जोडलेली डिस्क बायोसला दिसत नसेल, तर अनेक डिस्कवरच्या फाइल सिस्टीममधली आवश्यक डिस्क सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश देऊन ग्रब थांबतो. मेनू तयार करणाऱ्या स्क्रिप्टचीही अशीच पंचाईत झाली. रूट (मुख्य फाइल सिस्टीम) कुठे आहे असे विचारल्यावर ग्रबचे ग्रब-प्रोब हे साधन एका नावाऐवजी ओळीमागून ओळ अशी अनेक नावे देते, आणि कर्नलला द्यायच्या ‘रूट=’ या पर्यायात तर एकच नाव बसते. अखेर बीटीआरएफएससाठी तिथे यूयूआयडीच वापरायचा, असे स्क्रिप्टमध्ये ठरवून टाकावे लागले. लिनक्स 6.7 मध्ये 2024 साली आलेल्या आणि 6.18 मध्ये पुन्हा बाहेर काढलेल्या बीकॅशएफएसमध्ये डिस्कची नावे विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेली असतात, आणि एका नावाची अपेक्षा करणारी साधने तिथे पुन्हा अडखळली.

सर्वांत जास्त गोंधळ कर्नल मेमरीत आल्यानंतर होतो, आणि दोष मात्र बूटलोडरच्या माथी मारला जातो. बीटीआरएफएस जोडण्याआधी (माउंट करण्याआधी) तिच्या सर्व डिस्क कर्नलला माहीत करून द्याव्या लागतात आणि ते काम इनिटरामएफएसमधला (रूट जोडण्याआधी मेमरीत येणाऱ्या छोट्या तात्पुरत्या व्यवस्थेतला) युडेव्ह हा उपकरणे ओळखणारा प्रोग्रॅम करतो. जोवर शेवटची डिस्क येत नाही, तोवर फाइल सिस्टीम तयार नाही असे तो सिस्टीमडीला, म्हणजे यंत्र सुरू होतानाची कामे क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रॅमला, कळवतो. म्हणून पडद्यावर यूयूआयडीची ओळ आणि पुढे सरकणारे सेकंद दिसत राहतात. कुठे दीड मिनिटाची मुदत असते, कुठे मुदतच नसते. कर्नलला ‘डिग्रेडेड’ (डिस्क कमी असली तरी जोड) हा पर्याय दिला तरी उपयोग होत नाही, कारण कर्नलला विचारण्याची पाळीच येत नाही. अशा वेळी इनिटरामएफएसच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या ओळीवर, उतरून फाइल सिस्टीम हाताने जोडावी लागते. ‘डिग्रेडेड’ हा पर्याय बूटलोडरमध्ये कायमचा लिहून ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मला धोक्याचा वाटतो. एखाद्या दिवशी डिस्क नुसती उशिरा जागी झाली, तरी यंत्र एकीवरच लिहू लागते आणि दोन प्रतींत तफावत पडते. 4.14 च्या आधीच्या कर्नलमध्ये तर दोन डिस्कची रेड 1 अशी एकदा लिहिण्यासाठी जोडली, की दुसऱ्या खेपेस ती केवळ वाचण्यापुरती जोडली जाण्याची भीती असे.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयने 446 बाइटची अडचण सोडवली, पण जुने गृहीतक तिथेही टिकले. फर्मवेअरला, म्हणजे यंत्रातल्या या प्रोग्रॅमला, एका डिस्कवरचा साधा फॅट विभागच (ईएफआय विभाग) वाचता येतो. तो बीटीआरएफएसचा किंवा झेडएफएसचा भाग होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कवर वेगळा ईएफआय विभाग ठेवणे, बूटलोडर दोन्हींवर बसवणे आणि अद्ययावत करताना दोन्हीकडे करणे, हे आजही यंत्र सांभाळणाऱ्याच्याच अंगावर पडते. मे महिन्यात, घरे शाकारण्याच्या दिवसांत, यंत्र बंद करून आधी एका आणि मग दुसऱ्या डिस्कची केबल काढून ते कुठवर जाते हे पाहावे. फर्मवेअरलाच काही सापडले नाही तर त्या डिस्कवरचा ईएफआय विभाग तपासावा, ‘ग्रब रेस्क्यू’ ही ओळ दिसली तर ग्रबला डिस्क दिसत नाहीत असे समजावे, आणि सेकंद मोजणे सुरू झाले तर बूटलोडरला हात न लावता इनिटरामएफएसकडे वळावे.