धुराने ओढलेल्या रेघा

सांडशीने भट्टीबाहेर काढलेलं भांडं अजून ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. त्यावर घोड्याच्या शेपटीचा केस सोडला की तो टेकताक्षणी वळवळतो, आक्रसतो आणि जळून जातो. मागे राहते एक नागमोडी काळी रेघ आणि तिच्या कडेने धुराची फिकट सावली. ती चोळून, धुऊन जात नाही, कारण केसातला कार्बन मातीच्या छिद्रांत जाऊन बसलेला असतो.

भांडी भाजण्याच्या या पद्धतीला राकू म्हणतात. ती मूळची जपानची. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरो या कुंभाराने चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी हाताने घडवलेले वाडगे केले. त्यांचा काळा रंग मात्र धुराचा नव्हता. तो लोहयुक्त दगडाच्या पुडीपासून केलेल्या झिलईचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या थराचा होता. तापलेलं भांडं भुशात कोंडून धुरवण्याची रीत पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेत कुंभार पॉल सोल्डनर यांच्या प्रयोगांतून रुजली.

भुसा पेटतो, झाकण बसतं, आतला ऑक्सिजन लगेच संपतो. भुसा पुरता जळू शकत नाही, म्हणून काजळी तयार होते आणि उघड्या मातीत मुरते. झिलई जिथे अखंड असते तिथे धुराला शिरकाव नसतो, तो भाग पांढरा राहतो. पांढरं पांढरंच राहावं म्हणून लोहाचा अंश अगदी कमी असलेली माती घेतात.

मला सर्वांत सुंदर वाटते ती सोलून काढायची राकू. आधी घोटून गुळगुळीत केलेलं भांडं एकदा भाजतात. मग त्यावर पातळ मातीचा लेप आणि त्यावर झिलई. हा लेप मुद्दाम असा कालवलेला असतो की तो भांड्याला घट्ट धरत नाही. दुसऱ्या भाजणीनंतर भांडं बाहेर येतं. थंड होताना झिलई भांड्यापेक्षा जास्त आकसते आणि तडकते. कान दिला तर टिंग-टिंग ऐकू येतं. नेमक्या याच वेळी त्याला भुशात ठेवायचं. घाई केली तर भेगा पुरत्या पडलेल्या नसतात, उशीर झाला तर भुसा नीट पेटत नाही. धूर भेगांतून आत जातो. निवलेल्या भांड्यावर पाणी शिंपडलं की वरचं कवच अंड्याच्या टरफलासारखं सुटतं. खाली पांढऱ्या मातीवर त्याच भेगांचं काळं जाळं उमटलेलं असतं. झिलई गेली, तिच्या भेगा तेवढ्या राहिल्या!

तापमानाचा इतका झटका साधी माती सोसत नाही. ५७३ अंशांना तिच्यातलं क्वार्ट्‌झ हे खनिज अचानक आकार बदलतं आणि भांडं तडकू शकतं. म्हणून मातीत भाजून कुटलेल्या मातीची भरड मिसळतात. तिच्यामुळे माती मोकळी राहते आणि ताण एका जागी साचत नाही.

तरीही ही भांडी सच्छिद्रच असतात. त्यांत पाणी झिरपतं, म्हणून जेवणाखाण्यासाठी ती वापरू नयेत. आणि तेच भांडं हवा खेळत्या भट्टीत पुन्हा लाल होईपर्यंत तापवलं, तर कार्बन जळून जातो, सगळ्या काळ्या रेघा पुसल्या जातात आणि कोरी पांढरी माती उरते.